'मोटर गेली' असं कुणी सांगितलं?

डिस्प्ले लागलाय. चार्ज ७२ टक्के. हॉर्न वाजतोय, इंडिकेटर लागतोय, हेडलाइट तर समोरच्याचे डोळे दिपवतोय. तुम्ही एक्सलेटर पिळता आणि गाडी ढिम्म. किंवा त्याहून वाईट म्हणजे मागच्या चाकातून 'गर्र-गर्र' आवाज येतो, गाडी दोन झटके देते आणि भर चौकात थांबते. मागे रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही, आणि प्रॅक्टिकलला दहा मिनिटं उरलीत.

पेट्रोलच्या गाडीचं अशा वेळी काय करायचं हे आपल्याला कुणी न शिकवता येतं. चोक द्यायचा, चार किका मारायच्या, गाडी एका बाजूला आडवी करायची, प्लग काढून पुसायचा, टाकी हलवून कान लावायचा. घरातल्या प्रत्येक काकाला त्यातलं काही ना काही माहीत असतं. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली की मात्र आपल्याला एकच उपाय सुचतो, मोबाइल हँग झाल्यावर सुचतो तो. बंद करा, पुन्हा चालू करा. तेवढ्यानं भागलं नाही तर गाडी टेम्पोत आणि टेम्पो गॅरेजच्या दारात. तिथं पाच मिनिटांत निकाल लागतो : 'मोटर गेली.'

हा लेख या दोन शब्दांबद्दल आहे. कारण बऱ्याचदा मोटर गेलेली नसते. गेलेलं असतं दुसरंच काहीतरी, मोटरीपेक्षा खूप स्वस्त. आणि ते शोधायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी तुम्ही बारावीच्या फिजिक्समध्ये शिकून, पेपर लिहून, विसरूनही गेला आहात.

सोळा हजारांची गोष्ट

माझा एक मित्र बीडकडचा. पुण्यात टीवायला आहे आणि संध्याकाळी सहा ते अकरा फूड डिलिव्हरी करतो. त्यासाठी त्यानं सेकंडहँड इलेक्ट्रिक बाईक घेतली. वॉरंटी संपलेली, मोटर मागच्या चाकातच बसवलेली, म्हणजे हब मोटर. पेट्रोलचे पैसे वाचतात, त्यातून मेसचं बिल निघतं, असा साधा हिशेब. पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं मागचा टायर बदलून घेतला. तिसऱ्या दिवशी गाडी सुरुवात करताना झटके द्यायला लागली. पाय मारून ढकलली की मग नीट पळायची. आठवड्याभरात तेही बंद.

पहिल्या गॅरेजवाल्यानं एक्सलेटर पिळून आवाज ऐकला आणि सांगितलं, मोटर गेली, सोळा हजार. सोळा हजार म्हणजे त्याची दोन महिन्यांची कमाई. दुसऱ्यानं सांगितलं, मोटर आणि कंट्रोलर दोन्ही गेलंय, बावीस होतील. ऑफर अशी की गाडीच आम्हाला देऊन टाक, आठ हजार देतो. यातल्या एकानंही मीटर लावलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा मामला मीटर लावण्याचा आहे.

तिसऱ्या ठिकाणी आम्ही दोघं गेलो. तिथल्या मेकॅनिक दादांनी गाडी डबल स्टँडला लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "टायर कधी बदलला?" मी तर चाटच पडले. त्यांनी आवाज ऐकला नव्हता, एक्सलेटर पिळला नव्हता. फक्त चाकाच्या ॲक्सलपाशी वायर जिथून आत जाते तिकडे बघितलं होतं. टायर बदलताना चाक खोललं, परत बसवताना वायर ॲक्सलच्या नटाखाली किंचित चेपली. आतल्या आठ वायरींपैकी एक, केसाएवढी बारीक, तुटली. खर्च सहाशे रुपये, त्यातले बरेचसे मजुरीचे.

त्यानंतर मी त्या गॅरेजमध्ये चार-पाच दुपारी नुसती बसून होते. मास कॉमची मुलगी मल्टिमीटर धरून उभी आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकांना जरा मजा वाटायची, पण शिकायला भरपूर मिळालं.

शेतातली मोटर आणि चाकातली मोटर

तुम्ही गावाकडचे असाल तर यातला अर्धा भाग तुम्हाला आधीच येतो. विहिरीवरचा थ्री फेज पंप आठवा. तीनपैकी एक फेज गेला की मोटर नुसती 'हूं' करते, फिरत नाही. वेळेवर बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं, वार्निशचा तो ओळखीचा वास येतो, आणि वडील मोटर पोत्यात घालून तालुक्याच्या वाइंडिंगवाल्याकडे नेतात. आपल्याकडे 'मोटर जळाली' हा शब्दप्रयोग इतका घट्ट बसलाय तो तिथूनच. म्हणूनच चाकातली मोटर थांबली की आपणही लगेच तेच धरून चालतो.

चाकातली मोटरही तीन फेजचीच असते. पण तिला एमएसईबीच्या तारा तीन फेज देत नाहीत. बॅटरीत असतो डीसी, म्हणजे सरळ एका दिशेचा करंट. त्याचे तीन फेज बनवून ते आळीपाळीनं तीन जाड वायरींत सोडण्याचं काम कंट्रोलर करतो. सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे पंख्यासारख्या रेघा असलेली ॲल्युमिनिअमची डबी दिसते ना, तो कंट्रोलर. मोटरीच्या आत स्थिर भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि फिरणाऱ्या भागावर चुंबकं. कंट्रोलर योग्य वेटोळ्याला योग्य क्षणी करंट देतो, चुंबक त्याच्याकडे ओढलं जातं, तोवर पुढच्या वेटोळ्याची पाळी. घासणारे कार्बन ब्रश नाहीत, म्हणून नाव ब्रशलेस.

आता प्रश्न असा, की चुंबक नेमकं कुठं आलंय हे कंट्रोलरला कसं कळतं? त्यासाठी मोटरीत तीन छोटे हॉल सेन्सर असतात, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढे. समोर चुंबकाचा एक ध्रुव आला की 'हो', दुसरा आला की 'नाही', एवढंच ते सांगतात. ज्या परिणामावर हे सेन्सर चालतात तो एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधला. तेव्हा ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्यार्थी होते आणि वय होतं तेवीस. (आपण तेविसाव्या वर्षी काय करतोय हा विचार इथं करू नका, लेख लांबेल.)

या तिघांपैकी एक सेन्सर मुका झाला, किंवा माझ्या मित्राच्या गाडीसारखी त्याची वायर तुटली, की कंट्रोलरला चाकाची जागा कळत नाही. तो चुकीच्या वेळी चुकीच्या वेटोळ्याला करंट देतो. मोटर मागेपुढे थरथरते, गर्र-गर्र करते. ढकलली की पळते. मोटरीत खरं तर काहीच जळलेलं नसतं. एका सेन्सरची किंमत चहा-वडापावच्या बिलाएवढी, फक्त मोटर खोलून तो बसवायला हात सरावलेला हवा, कारण आतली चुंबकं इतकी जोरात ओढतात की बोट सापडलं तर चेचतंच.

आधी मोटरीकडे बघूच नका

गॅरेजमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की 'गाडी हलत नाही' म्हणून आलेल्या गाड्यांत काहींचा दोष मोटरीपासून चार फूट लांब असतो. ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला सांगतो, करंट तोड. पावसाच्या पाण्यानं किंवा चिखलानं तो स्विच आतच अडकला, तर कंट्रोलरच्या मते तुम्ही कायम ब्रेक दाबून बसला आहात. साइड स्टँडचंही तसंच. स्टँड वर केलेला असतो, पण त्याचा सेन्सर मातीनं भरलेला, आणि गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. पार्किंग मोडचं बटण चुकून दाबलं गेलेलं असणं हा तर सगळ्यात स्वस्त दोष. सीटखालचा एमसीबी खड्ड्यात आदळून पडलेला असणं हा त्याचा भाऊ, पण तेव्हा बहुतेक गाड्यांचा डिस्प्लेही बंद असतो.

घरी करता येईल अशी सोपी खूण सांगते. दोन्ही ब्रेकचे लिव्हर बोटानं पुढे ढकलून बघा आणि मागचा ब्रेक लाइट विझतो का ते कुणाला तरी बघायला सांगा. ब्रेक न दाबता लाइट लागलेलाच असेल तर चोर सापडला.

मग एक्सलेटर. त्यातही हॉल सेन्सरच असतो. मूठ पिळली की त्याचा व्होल्टेज साधारण एक व्होल्टपासून साडेतीन-चार व्होल्टपर्यंत हळूहळू चढायला हवा. पाणी शिरलं की तो मध्येच उडी मारतो किंवा शून्यावर बसतो. पिळलं की गाडी कधी जाते, कधी नाही, हँडल वळवलं की अचानक बंद पडते, अशी लक्षणं असतील तर मूठ आणि हँडलपाशी वाकणाऱ्या वायरी आधी बघायला सांगा. मूठ न पिळता गाडी आपोआप पळायला लागली, तर मात्र ती चालवायचीच नाही. किल्ली बंद, गाडी बाजूला, आणि दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा बसणं नाही.

अजून एक लक्षण मला फार आवडलं, कारण ते एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखं आहे. गाडी डबल स्टँडवर असताना चाक मस्त गरागरा फिरतं. तुम्ही बसलात की दहा फुटांवर सगळं बंद, कधी कधी डिस्प्लेसुद्धा. बंद करून चालू केलं की पुन्हा दहा फूट. इथं मोटरीवर संशय घेणं म्हणजे पोलिसांनी फिर्यादीलाच आत टाकणं. चाक मोकळं फिरवायला करंट जेमतेम लागतो, तुम्हाला ओढायला भरपूर. जुन्या बॅटरीतून एकदम जास्त करंट ओढला की तिचा व्होल्टेज कोसळतो. सेलच्या ओळीतला एक जरी गट कमजोर असेल, तरी बॅटरीतलं रक्षक सर्किट, बीएमएस, अख्खी बॅटरी तोडतं. किंवा बॅटरीचा जाड कनेक्टर सैल होऊन आतून काळा पडलेला असतो. कनेक्टरचं प्लास्टिक पिवळट, वितळल्यासारखं दिसतंय का ते बघा. बॅटरी स्वतः मात्र कधीही, कुठल्याही कारणानं उघडायची नाही. त्यात धाडस नाही, नुसता धोका आहे.

हातानं चाक फिरवून

आता खऱ्या परीक्षा. आधी चार बंधनं, आणि ती विनोदानं घेऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू खोलायचा नाही, सरळ सर्व्हिस सेंटर. वॉरंटी नसेल तर किल्ली बंद, एमसीबी खाली आणि बॅटरीचा प्लग काढलेला. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ चार्ज राहतो, म्हणून थोडं थांबायचं. हातातलं कडं, अंगठी, मेटलचं घड्याळ काढून खिशात. मागचं चाक जमिनीपासून वर. आणि वायरी खोलायची सवय नसेल तर हे सगळं स्वतः करण्यापेक्षा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घ्या. तुम्हाला काय बघायचं ते माहीत असणं पुरेसं आहे.

पहिली परीक्षा फुकट आहे, मीटरही लागत नाही. बॅटरी काढलेली असताना मागचं चाक हातानं फिरवायचं. किंचित 'टक-टक' अडखळणं ठीक, ती आतल्या चुंबकांची ओढ असते. पण चाक चिखलात रुतल्यासारखं जड लागत असेल, तर आधी ब्रेक घासत नाही ना हे बघायचं. मग कंट्रोलरकडे जाणाऱ्या तीन जाड फेज वायरी, बहुतेक वेळा पिवळी, हिरवी, निळी, कंट्रोलरपासून सोडवायच्या, त्यांची टोकं एकमेकांना लागू न देता. आणि पुन्हा फिरवायचं.

चाक आता मोकळं फिरलं? मग मोटर ठणठणीत असण्याची शक्यता मोठी आणि दोष कंट्रोलरमध्ये. त्यातला एखादा मॉसफेट शॉर्ट होऊन दोन फेज आतून जोडले गेलेत. वायरी सोडवूनही चाक तेवढंच जड? मग मात्र मोटरीचं वाइंडिंग शॉर्ट असू शकतं, किंवा बेअरिंग गेलं असेल. बेअरिंग गेलं तर जडपणासोबत खरखर ऐकू येते आणि चाक आडवं हलवलं तर डुगडुगतं.

दुसरी परीक्षा अशी. फेज वायरी सुटलेल्याच आहेत, त्यातल्या कुठल्याही दोन टोकांना एकमेकांशी जोडायचं (उघड्या तांब्याला हात न लावता) आणि चाक सावकाश फिरवायचं. आता ते झटके देत, जड फिरायला हवं. पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी, तिन्ही जोड्यांना सारखंच. एखाद्या जोडीला चाक मोकळंच फिरलं, तर त्या दोनपैकी एका वायरीत कुठेतरी तोड आहे. शेतातला 'एक फेज गेला' तो हाच, फक्त चाकात.

असं का होतं? बारावीचं विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचं प्रकरण. चाक फिरवलं की चुंबक वेटोळ्यासमोरून जातं आणि वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतो. दोन टोकं जोडली की करंट वाहायला रस्ता मिळतो, आणि तो करंट आपल्याला जन्म देणाऱ्या हालचालीलाच विरोध करतो. लेंझचा नियम. तीन मार्कांना यायचा. पाठ करताना तो चाकाच्या रूपानं हाताला कधी लागला नव्हता, इथं पहिल्यांदा लागला.

तिसरी परीक्षा हॉल सेन्सरची. इथं मीटर लागतं. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, तीन रूममेट मिळून घ्या. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाच बारीक वायरी असतात : लाल-काळी ही वीज देणारी आणि पिवळी, हिरवी, निळी या निरोप देणाऱ्या. ही परीक्षा गाडी चालू ठेवून करावी लागते. म्हणून चाक वर, फेज वायरींच्या टोकांना टेप, आणि एक्सलेटरला कुणीही हात लावायचा नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळ्या आणि लाल वायरीत साधारण पाच व्होल्ट दिसायला हवेत. ते नसतील तर दोष सेन्सरचा नाही, कंट्रोलरकडून वीजच येत नाहीये. पाच व्होल्ट असतील तर काळी तशीच ठेवून दुसरं टोक एकेका निरोपाच्या वायरीवर धरायचं आणि चाक मुंगीच्या पावलानं फिरवायचं. आकडा शून्याजवळ, मग पाचजवळ, मग पुन्हा शून्याजवळ असा उड्या मारायला हवा. एखादी वायर एकाच आकड्यावर बसून राहिली, तर दोषी तीच. माझ्या मित्राच्या गाडीत हिरव्या वायरीवर आकडा पाचच्या आसपास हटून बसला होता. पिवळी आणि निळी आपलं काम करत होत्या.

या तिन्ही परीक्षांना मिळून अर्धा तास लागला. पहिल्या दोन गॅरेजवाल्यांनी हा अर्धा तास दिला नाही, म्हणून ते वाईट माणसं आहेत असं मला म्हणायचं नाही. आख्खी मोटर बदलणं हे त्यांच्या दृष्टीनं सोपं आणि खात्रीचं काम. पेट्रोलच्या गाड्यांवर वीस वर्षं हात बसलेल्या माणसाच्या दारात एकदम ही नवी जनावरं येऊन उभी राहिली आहेत. पण पैसे तुमचे आहेत, तेव्हा अर्धा तास मागून घ्या.

खरंच मोटर जाते तेव्हा

जाते, अर्थातच. बहुतेकदा उष्णतेनं. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते, हे दहावीत ज्यूलच्या नावावर शिकलो. चढावर, दोघं-तिघं बसून, कमी वेगात एक्सलेटर पूर्ण पिळून ठेवला की नेमकं हेच होतं. चाक हळू, करंट जास्तीत जास्त, आणि करंटचा बराच भाग गाडी पुढे नेण्याऐवजी तांबं तापवण्यात जातो. हब मोटरला गिअर नसतो, त्यामुळे चढावर ती 'पहिल्यात टाकता' येत नाही. हलक्या हब मोटरवर ट्रिपल सीट कात्रजचा जुना घाट चढायचा बेत असेल, तर तो बेत गाडीसमोर बोलूसुद्धा नका.

तापून तापून तारेवरचं इनॅमल जळतं आणि वेटोळी शॉर्ट होतात. दुसरं नुकसान लपून होतं. या मोटरींतली निओडिमियमची चुंबकं फार तापली की कायमची कमजोर होतात. साध्या ग्रेडच्या चुंबकांना साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे धोका सुरू होतो. मग गाडी चालते, आवाज नाही, झटके नाहीत, पण तिच्यात पूर्वीची ओढ राहत नाही आणि चार्ज भराभर उतरतो. लोक बॅटरीला दोष देतात. चढावर गाडी अचानक मंद झाली आणि दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा नीट चालली, तर तो बिघाड नसूही शकतो. अनेक गाड्यांचे कंट्रोलर तापमान वाढलं की मुद्दाम ताकद कमी करतात. तेव्हा एक्सलेटर आणखी पिळायचा नसतो, सावली शोधायची असते.

पाण्याचं म्हणाल तर 'आयपी ६७ आहे' हे वाक्य शोरूममध्ये तुम्ही ऐकलं असेल. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी अपायकारक पाणी शिरणार नाही. ऐकायला भारी. पण ही परीक्षा उभ्या पाण्याची आहे, वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपची नाही. मोटरीला वायर जिथं आत जाते ती जागा आणि बाहेरचे कनेक्टर यांच्यावर थेट फवारा मारून घेऊ नका. ओल्या फडक्यानं पुसलेली गाडीही कॉलेजच्या पार्किंगमध्ये चांगलीच दिसते.

आणि ॲक्सलचा नट. हब मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा ॲक्सलला तेवढ्याच जोरानं उलटं फिरवायला बघते. नट सैल असेल किंवा त्याची खाचेत बसणारी वॉशर पंक्चर-टायरच्या गडबडीत राहून गेली असेल, तर ॲक्सल स्वतःच फिरतो आणि त्याच्यातून जाणाऱ्या सगळ्या वायरी पिळून तोडतो. मागचं चाक खोलून पुन्हा बसवलं की घरी जाण्याआधी तिथं वाकून बघा : वॉशर जागेवर आहे का, वायर नटाखाली चेपली नाही ना, आणि तिला खाली थोडा झोल दिलाय का, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत न जाता खाली टपकेल.

ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांच्या मोटारसायकली आहेत त्यांचं गणित थोडं वेगळं. रिव्होल्ट आरव्ही ४०० घ्या, तिची मोटर मधे असते आणि बेल्टनं चाक फिरवते. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ ७७ला चेन आहे. तिथं 'मोटरचा आवाज' पुष्कळदा सैल बेल्टचा किंवा कोरड्या चेनचा निघतो, तेवढं बघा. बाकी वायरी खोलण्याच्या भानगडीत पडू नका. अशा गाड्यांत दोष नोंदवून ठेवणारी यंत्रणा असते, डिस्प्लेवर एरर कोड येतो. तो दिसला की फोटो काढा, कारण गाडी बंद करून चालू केली की कोड जाऊ शकतो आणि सर्व्हिस सेंटरवर गाडी शहाण्यासारखी वागते.

जुन्या पेट्रोल बाईकला हब मोटरचं किट बसवून घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी एवढंच, की किट मान्यताप्राप्त हवं आणि बदल आरसी बुकात चढलेला हवा. नाहीतर अपघाताच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारतील.

काउंटरवर उभं राहून

आता समजा कुणी म्हणालं, मोटर गेली. वाद घालू नका. "दादा, फेज वायरी सोडवून चाक फिरवून बघितलं का? हॉलचा व्होल्टेज किती आला?" एवढं विचारा. ज्यानं खरंच तपासलंय तो आकडा सांगेल, कदाचित खूशही होईल. ज्यानं तपासलेलं नाही तो चिडेल किंवा पुन्हा बघतो म्हणेल. दोन्हींतून तुम्हाला हवं ते कळलं. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाचा चालू कंट्रोलर तात्पुरता लावून बघा म्हणावं, अर्थात त्याच व्होल्टेजचा आणि त्याच मोटरीला चालणारा. मोटर बदलायचं ठरलंच तर अंदाजपत्रक लेखी घ्या, जॉब कार्डवर दोष लिहून घ्या, आणि काढलेली मोटर परत मागा. ती तुमची आहे. तिच्यातलं तांबंही विकलं जातं.

वॉरंटीतली गाडी महिनोन् महिने सर्व्हिस सेंटरला पडून असेल, पार्ट येत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोन फुकट लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, त्यात वाहनक्षेत्रही आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी शून्य. वकीलच हवा अशी सक्तीही नाही. यातल्या प्रत्येक पायरीवर तुमच्याकडे कागद मागतील : बिल, जॉब कार्ड, मेसेज, आणि गाडी नेमकं काय करत होती त्याची तारखेसह नोंद.

ती नोंद मोबाइलवर आत्ताच सुरू करा. कधी बंद पडली, पाऊस होता का, चढ होता का, चार्ज किती होता, त्याआधी कुणी चाक खोललं होतं का. गर्र-गर्र आवाजाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. माझ्या मित्राकडे टायरवाल्याला केलेल्या पेमेंटचा स्क्रीनशॉट होता, त्यावर तारीख होती. मेकॅनिक दादांनी ती बघितली, मान हलवली आणि चाकाचा नट खोलायला तेवीस-चोवीसचा पाना मागवला.